म्हणून दाखवायला कोणी नाही

दुर्गाबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण पोरगी कुठं अटकली हे तिला मास्तरांच्या आधी कळायचं. उगाच कौतुक म्हणून नाही सांगत. रश्मी पहिलीत गेली तेव्हापासूनचा हा त्या घरचा नेम. पातूरपासून सहा किलोमीटरवरचं गाव, दोन खोल्यांचं घर, बाप शेषराव पुण्यात एका सोसायटीवर वॉचमन आणि वर्षातून दोनदा घरी. म्हणजे घरात माणसं दोनच. संध्याकाळी सातच्या सुमारास भाकरी झाल्या की दुर्गाबाई हात पुसून भिंतीला टेकायची आणि पोरीचं पुस्तक आपल्या मांडीवर उघडं धरायची. कधी उलटंही धरायची. त्यानं काही अडत नव्हतं. समोर रश्मी उभी राहून धडा म्हणून दाखवायची. माय पुस्तकाकडं बघतच नसे, पोरीकडं बघायची. मधेच बोट उचलायची. "मांग फिर." म्हणजे मागच्या वाक्यापासून पुन्हा म्हण. आणि बोट उचललं जायचं नेमकं तिथंच रश्मीचं काहीतरी चुकलेलं असायचं, नाहीतर समजलेलं नसायचं.

"तुले कसं समजते वं माय?" सातवीत असताना रश्मीनं एकदा विचारलं होतं.

"त्यात काय समजाचं? येत असलं का माणूस दम घेत घेत बोलते. येत नसलं का पयते." पयते म्हणजे पळतं.

एवढ्या शिदोरीवर रश्मी दहावीला शाळेत पहिली आली. अकरावी-बारावीला सायन्स घेतलं, सगळं इंग्रजीत. मायला मराठी काय न् इंग्रजी काय, दोन्ही सारखंच. बोट वेळेवर उठायचंच. बारावीला एक्याऐंशी टक्के पडले तेव्हा गावच्या विहारात सत्कार झाला. गजेंद्र सर म्हणजे गावातले प्राथमिकचे शिक्षक, विहाराचं सगळं तेच बघतात. त्यांनी माइकवरून सांगितलं, की आपल्या गावची पहिली मुलगी बीएस्सी करायला अमरावतीला चालली. दुर्गाबाई पांढरी साडी नेसून बायांमध्ये बसली होती. तिला टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

अमरावतीत कठोरा नाक्याकडं मुलींच्या वसतिगृहात रश्मीला जागा मिळाली. खोलीत जोडीला आरती होती, शेंदूरजनाघाटची. मनानं चांगली, घरून संत्री आली की अर्धी रश्मीच्या पलंगावर ठेवणारी. पण कानात चोवीस तास इअरफोन. कॉलेजात वर्गात एकशे वीस पोरं. सर यायचे, फळ्यावर भराभर लिहायचे, पुसायचे, जायचे. कोणी रश्मीशी वाईट वागलं असं नाही हो. वाईट वागायलासुद्धा आधी तुम्ही कोणाला दिसावं लागता. पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की सोमवारपासून गुरुवारपर्यंत आपल्याला नावानं कोणी हाकच मारलेली नाही. गुरुवारी हजेरी झाली, तेव्हा सरांनी नाव घेतलं आणि तिला एकदम भरून आलं. हजेरीला रडणारी पोरगी कोणी पाहिली आहे का?

एक गोष्ट मात्र ठरलेली होती. सात वाजता गच्चीवर जायचं, पाण्याच्या टाकीजवळ बसायचं, मायला फोन लावायचा आणि म्हणून दाखवायचं.

पहिल्याच दिवशी केमिस्ट्री घेतली. पुस्तक खाली खोलीत, रश्मी वर गच्चीवर, कानाशी फोन. सुरुवात केली आणि तिसऱ्याच वाक्याला तिकडून आलं, "मांग फिर." पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. त्या संध्याकाळी मायनं तिला अकरा वेळा मागे फिरवलं. घरी समोर मायचा चेहरा असायचा, चुलीची ऊब असायची, मागे फिरण्यात लाज नव्हती. इथं नुसता आवाज. फोन ठेवून रश्मी टाकीला टेकून मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली ती पुस्तक घेऊन.

इथंच फसली बघा ती. बारा वर्षं मायनं पुस्तक तिच्या हाती दिलं नव्हतं, ते त्या दिवशी तिनं स्वतः हातात धरलं आणि म्हणून दाखवण्याऐवजी सरळ वाचून दाखवलं. घडाघडा. मायला काय दिसणार फोनमधून! अर्ध्या तासात एकदाही "मांग फिर" आलं नाही.

"आज बिलकूल अटकली नाही," माय शेवटी म्हणाली.

"नाही न," रश्मी म्हणाली आणि तिला हायसं वाटलं.

मग तेच सुरू झालं. रोज सात वाजता वाचन. मायला फसवलं ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे ती स्वतःही फसली. रोज अर्धा तास न अडखळता बोलतो आहोत म्हटल्यावर तिला वाटायला लागलं, की आपल्याला येतं. पुस्तक उघडं असलं की सगळ्यांनाच सगळं येतं! डिसेंबरात पेपरला बसली, प्रश्न ओळखीचा निघाला, पहिली ओळ लिहिली आणि दुसरी काही केल्या येईना. ओळखीचं माणूस समोर उभं आहे आणि नाव आठवत नाही, अशी तीन तास बसून राहिली.

जानेवारीअखेर निकाल लागला. केमिस्ट्री, बॉटनी आणि इंग्रजी, तीन विषय राहिले. उन्हाळी परीक्षेत चालू सेमिस्टरचे पेपर देऊन त्या तिनातले दोन तरी काढायचे, नाहीतर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. वर्ष घरी बसायचं, आणि वसतिगृहातली जागाही गेली. म्हणजे परत गाव, परत त्या दोन खोल्या, आणि विहारातले ते सगळे लोक.

"काय झालं वं निकालाचं?" मायनं विचारलं.

"झाली पास."

"बरं झालं वं. आज काय म्हणून दाखवते मंग?"

"आता प्रॅक्टिकल राह्यतात संध्याकाळी," रश्मी म्हणाली. "आता नाही जमणार रोज."

तेव्हापासून फोन दोन मिनिटांवर आला. जेवली काय, जेवली. तब्येत बरी आहे काय, बरी आहे. ठेवते. कारण जास्त बोललं तर खोटं उघडं पडेल अशी भीती, आणि खरं सांगायची छाती नाही. फेब्रुवारीत ती इतकी एकटी पडली, की मेसवाल्या आशाबाईंनी "आणखी पोळी देऊ का?" म्हटलं तरी तिला दोन क्षण तिथंच थांबावंसं वाटायचं.

आरतीनं तिचं तोंड पाहून एक उपाय सुचवला. भिंतीवर चिठ्ठ्या लावायच्या. रंगीत कागदांवर स्केचपेननं, "यू कॅन डू इट", "नेव्हर गिव्ह अप", "आय अ‍ॅम द बेस्ट". लावल्या. मोबाइलवर जोश आणणारे व्हिडिओही पाहिले. त्यात एक कोट घातलेला माणूस ओरडून ओरडून सांगायचा, की पहाटे चारला उठा, जग तुमचं आहे. मधेच बनियनची जाहिरात यायची आणि तो पुन्हा ओरडायला लागायचा. रश्मी पहाटे चारला उठली, पुस्तकावर डोकं ठेवून झोपली आणि सकाळचं लेक्चर बुडवून बसली. त्या चिठ्ठ्यांकडं पाहिलं की तिला वाटायचं, ही दुसऱ्याच कोणत्या तरी मुलीची खोली आहे. "आय अ‍ॅम द बेस्ट"! तीन विषय राहिलेली बेस्ट! एक दिवस तिनं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. आरतीला वाईट वाटू नये म्हणून पंख्यानं उडाल्या असं सांगितलं.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि वसतिगृहात कूलर सुरू झाले. वऱ्हाडातला कूलर कसा असतो हे सांगायला नको, खोलीत इंजिन लावल्यासारखा. त्या घरघरीत शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. एका दुपारी रश्मी बॉटनीचं पान वाचत होती. वाचून झालं, पुस्तक मिटलं आणि सहज तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. कूलरमुळे कोणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती. म्हणत गेली. कुठं अटकलो ते काही समजेना, कारण स्वतःचं चुकलेलं स्वतःला गोडच लागतं. मग तिनं मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला आणि जिन्यात जाऊन ऐकला.

बाप्पा! पहिली चार वाक्यं नीट, सावकाश. आणि पाचव्याला ती अशी सुसाट सुटली होती, की जणू मागे कुत्रं लागलंय. ते पाचवं वाक्य तिला येत नव्हतं. माय जे बारा वर्षं ऐकत होती, ते रश्मीनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिचा अभ्यास खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला. एक पान वाचायचं, पुस्तक पालथं घालायचं, म्हणायचं, ऐकायचं, जिथं पळाली तिथं पेन्सिलीनं खूण, आणि तेवढंच पुन्हा. दिवसाला चार पानं, जास्त नाही. चार पानं ऐकायला हास्यास्पद वाटतात, पण पळता न येणारी चार पानं फार जड असतात. कॉलेजच्या रस्त्यानंही म्हणत जायची. कानात इअरफोन घातला, की बडबडत चाललेल्या पोरीला कोणी वेडी म्हणत नाही. लोकांना वाटतं फोनवर बोलतेय. पंचवटी चौकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत भर गर्दीतून रश्मी बोलत जायची आणि दुसऱ्या टोकाला कोणी नसायचं.

सुरुवातीला अटकली की स्वतःला शिव्या घालायची. बह्याड, एवढंही येत नाही, मरून जा. रेकॉर्डिंगमध्ये त्या शिव्याही ऐकू यायच्या. ऐकून ऐकून तिलाच कसंतरी व्हायला लागलं, की आरती चुकली तर आपण तिला असं बोललो असतो का? मग हळूहळू बोलणं बदललं. "जाऊ दे, एवढं तं झालं न. समोरचं पाह्य आता." इंग्रजी चिठ्ठीपेक्षा हे तिला मानवलं, कारण ते तिच्या तोंडचं होतं. तरी खोटं कशाला बोला, रोज संध्याकाळी सात वाजले की तिचा हात फोनकडं जायचाच. स्वतःची समजूत आपणच घातली तरी ती ऐकून हसणारं कोणी नसतं.

एप्रिलच्या सुरुवातीला गजेंद्र सरांचा फोन आला. जयंतीनिमित्त विहारात अठरा तास अभ्यासाचा कार्यक्रम होता. सकाळी सहाला गावची पोरं पुस्तकं घेऊन बसतात ते रात्री बारापर्यंत. मधे खिचडी, मधे कोणाचं तरी मार्गदर्शन.

"यंदा मार्गदर्शन तुझं," सर म्हणाले. "अभ्यास कसा करावा. दहा वाजता. नाही म्हणू नकोस, तुझ्या आईला सांगून टाकलंय मी."

झालं! तीन विषय राहिलेल्या पोरीनं अभ्यास कसा करावा ते सांगायचं, आणि तेही मायसमोर. रश्मी रडकुंडीला आली, पण नाही म्हणायला कारण काय देणार? आदल्या दिवशी अकोल्याची बस धरली, अकोल्यात पातूरची. घरी मायनं तिला पाहिलं आणि "वायली वं," म्हणजे वाळलीस, एवढंच म्हणाली.

सकाळी दहाला विहारात चाळीसेक पोरं सतरंजीवर बसली होती. मागे त्यांच्या आया, त्यात दुर्गाबाई, पुन्हा पांढऱ्या साडीत. सरांनी ओळख करून दिली. रश्मीनं ठरवून आणलेलं भाषण दोन वाक्यांत संपलं. मग तिला जे खरोखर येत होतं तेच ती सांगायला लागली. पान वाचा, पुस्तक पालथं घाला, मोठ्यानं म्हणा. चारच पानं करा. अटकलात तर स्वतःला शिव्या देऊ नका. पोरं ऐकत होती. तीही दम घेत घेत बोलत होती.

"अन् कोणाले म्हणून दाखवत असाल," ती म्हणाली, "तं पुस्तक आपल्या हातात धरू नका. त्याच्या हातात द्या. मी धरलं होतं."

"मंग काय झालं?" पुढं बसलेल्या पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं. लहान पोरांना कुठं थांबावं ते कळत नाही.

रश्मी तिच्याकडं पाहत राहिली आणि बोलून गेली, "तीन विषय गेले माहे."

गजेंद्र सर दोनदा खाकरले. "पोट्टेहो," ते शेवटी म्हणाले, "टाळ्या वाजवा." पोरांनी बिचाऱ्यांनी वाजवल्या.

घरी जाताना ऊन मी म्हणत होतं. अर्धा रस्ता सरला. रश्मी वाट पाहत होती, की आता माय ओरडेल, रडेल, काहीतरी करेल.

"मले मालूम होतं," माय म्हणाली.

"काय? नापास झाली थे?"

"थे नाही. तू वाचून दाखवत होती थे. पयल्याच दिवशी समजलं. दम बी घेत नव्हती अन् पयत बी नव्हती. नळ सोडल्यावानी चालू होती."

रश्मी रस्त्यातच उभी राहिली. तिला भयंकर राग आला. इतके महिने ती एक खोटं उरावर घेऊन जगत होती, आणि हिला ठाऊक होतं!

"मंग बोलली काहून नाही? एकदा तं म्हणाचं! माहं वर्ष चाललं ना माय!"

"आदल्या दिवशी मी तुले किती खेपा मांग फिरवलं," दुर्गाबाई म्हणाली. "फोन ठेवतानी तुहा आवाज कसा झाला होता, मले आयकू आलं नसंन काय? घरी असती तं जवळ घेतलं असतं. तिकडं तू रडशीन अन् इकडं मी भांडे घासीन? म्हटलं जाऊ दे, वाचू दे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "अन् खरं सांगू काय. मले बी पाह्यजे होतं थे. तुहा बाप तिकडं, तू तिकडं. वावरात बाया बोलतात, पण घरी आलं का नुसत्या भिंतीच भिंती. सात वाजले का तुहा फोन. काय बोलते थे मले समजत नाही, पण अर्धा घंटा घरात आवाज राहे. म्हटलं, टोकलं तं फोन करणं बंद करशीन. माह्या लोभापायी तुहे विषय गेले वं."

रश्मीचा राग कुठल्या कुठं गेला. तिच्या डोळ्यांसमोर जानेवारीपासूनच्या संध्याकाळी आल्या. गच्चीवरच्या आपल्या नाहीत, घरातल्या मायच्या. दोन मिनिटांत फोन ठेवल्यानंतर माय काय करत असेल, हे तिनं एकदाही मनात आणलं नव्हतं. आपण जगात एकटेच एकटे आहोत असं तिला वाटत होतं. तिला स्वतःची लाज वाटली आणि ती मायच्या गळ्यात पडली, भर रस्त्यात, बेचाळीस डिग्रीच्या उन्हात.

"आता पेपर होईपर्यंत मले फोन करू नको," माय तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

"काहून?"

"मी आता चांगली नाही राहिली आयकणारी. तुहा आवाज आला का मी समद्याले बरोबरच म्हणीन. तूच म्हण, तूच आयक. जमते तुले, आज पाह्यलं मी."

दुसऱ्या दिवशी रश्मी अमरावतीला परतली. पेपर महिन्यावर होते. तुम्हाला निकालाची घाई असेल, तर तो आत्ताच सांगून टाकू. जुलैत लागला, नव्या सेमिस्टरचे सगळे निघाले, जुन्या तिनातले केमिस्ट्री आणि बॉटनी निघाले, इंग्रजी राहिला. वर्ष वाचलं. पण त्या महिन्याबद्दल कोणी विचारलं तर रश्मी निकालाचं सांगत नाही, एका रविवारचं सांगते.

दोघींनी शब्द पाळला होता. एकोणीस दिवस फोन नव्हता. त्या रविवारी दुपारी आरती घरी गेलेली, मजल्यावर शुकशुकाट, कूलरमधलं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता. रश्मी तिसऱ्या पानावर होती. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिथंच अटकून तिला सगळं नकोसं झालं होतं. आणि मोबाइल वाजला. माय.

दुर्गाबाईच्या साध्या फोनवर रश्मीनंच सोय करून दिली होती. आकडे वाचता येत नाहीत म्हणून पहिलं बटण दाबून धरायचं. चांगलं तीन-चार सेकंद धरलं की मग रश्मीला फोन लागतो. तो काही हात लागून लागत नाही.

"हॅलो? माय? काय झालं?"

पलीकडून घसा साफ केल्याचा आवाज.

"काही नाही वं. चुकून लागला," दुर्गाबाई म्हणाली. "ठेव. अभ्यास कर."

"हो, ठेवते," रश्मी म्हणाली.

पंखा खडखडत होता. तिकडं घराबाहेर कोणाची तरी शेळी ओरडत होती, ती इकडं स्पष्ट ऐकू येत होती. बराच वेळ झाला, आणि दोघींपैकी कोणीही फोन ठेवला नाही.